कारखान्याच्या व्याख्येबाहेरचा गोवा: कामगार कायद्यांची पार्श्वभूमी

कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये 'कारखाना' म्हणजे काय हे सांगताना काय कारखाना नव्हे हेही सांगितले होते. खाण ही कारखाना नव्हे, आणि १९७६ च्या दुरुस्तीनंतर हॉटेल, उपाहारगृह किंवा खाणावळ हीही कारखाना नव्हे. देशाच्या इतर भागांत हे कलम वाचताना कोणी फारसे थबकत नसेल. पण ज्या प्रदेशाचे अर्थकारण आधी खाणींवर आणि नंतर पर्यटनावर उभे राहिले, तिथे या दोन अपवादांत कष्टकऱ्यांचा मोठा भाग सामावतो. गोव्यातील कामगार कायद्यांचा इतिहास पाहताना ही गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते.

पोर्तुगीज राजवटीत कामगार संरक्षण अगदीच अज्ञात होते असे नाही. कामावरील अपघाताला मालक जबाबदार असतो हे तत्त्व पोर्तुगालने १९१३ च्या कायद्यानेच स्वीकारले होते. परंतु पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीने १९३३ च्या राष्ट्रीय श्रम संहितेद्वारे संप बेकायदा ठरवला आणि स्वतंत्र कामगार संघटनांना वावच ठेवला नाही. १९५० च्या दशकात लोहखनिजाची निर्यात झपाट्याने वाढली, डिचोली, सत्तरी आणि सांगे तालुक्यांतले डोंगर खणले जाऊ लागले, मांडवी आणि जुवारीतून बार्जेस मुरगावकडे धावू लागल्या; मात्र त्या कामावरच्या मजुरांना आपल्या बाजूने बोलणारी संघटना उभारण्याची मुभा नव्हती. याच काळात मुंबईच्या गिरणीत किंवा कारखान्यात राबणारा गोमंतकीय १ जुलै १९२४ पासून अमलात आलेल्या, १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याखाली दाद मागू शकत होता. आपल्याच गावी परतल्यावर त्याला त्या कायद्याचा आधार उरत नसे.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि गोवा, दमण व दीव या केंद्रशासित प्रदेशासाठी काढलेल्या विनियमांद्वारे भारतीय कायदे इथे लागू करण्यात आले. त्यांतला महत्त्वाचा विनियम १९६२ चा. नुकसानभरपाई, औद्योगिक कलह, किमान वेतन, कारखाने अशा विषयांवर ब्रिटिश भारतात आणि नंतर स्वतंत्र भारतात अनेक दशके संघर्ष होऊन जे कायदे घडले, ते इथे जवळजवळ तयार स्थितीत आले. त्यांच्यामागची चळवळ मात्र सोबत येऊ शकत नव्हती. ती जॉर्ज वाझ यांच्यासारख्या कार्यकर्त्यांना खाणपट्ट्यात नव्याने उभी करावी लागली. डिसेंबर १९६३ मध्ये आलेल्या पहिल्या लोकनियुक्त सरकारचे मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर हे स्वतः खाणमालक होते. त्यांच्या बहुजनहिताच्या निष्ठेबद्दल शंका घेण्याचे कारण नाही, परंतु कामगार आणि मालक यांच्यातला कायदा आखणाऱ्या सभागृहात सत्तेच्या खुर्चीवर कोण होते याची नोंद पार्श्वभूमीत हवीच.

तसे पाहिले तर खाणींबाबत त्या सभागृहाच्या हाती फारसे नव्हतेही. कामगार संघटना, औद्योगिक कलह, कामगार कल्याण आणि नुकसानभरपाई हे विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र व राज्ये दोघांनाही कायदे करता येतील अशा यादीत (नोंदी २२ ते २४) असले, तरी खाणींतील कामगार व त्यांची सुरक्षितता हा विषय संघ सूचीतील ५५ व्या नोंदीखाली केंद्राकडे आहे. त्यामुळे खाणीत दरड कोसळली तर चौकशी खाण अधिनियम, १९५२ प्रमाणे केंद्राच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाची असे. मोठ्या बंदराचा दर्जा असलेल्या मुरगावच्या गोदीसाठीही केंद्राचेच वेगळे कायदे होते. उरलेल्या जागेत गोव्याने स्वतःचे कायदे केले.

ते संख्येने थोडेच आहेत. १९६५ च्या कायद्याने औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे खोर्ली, कुंडई, वेर्णा, पिळर्ण, तुये अशा वसाहती उभ्या राहिल्या. म्हणजे उद्योग आणण्याचा कायदा आधी झाला. १९७३ चा दुकाने व आस्थापने कायदा आला तो मुख्यतः कामाचे तास, साप्ताहिक सुटी आणि रजा यांची शिस्त लावण्यासाठी. हॉटेले आणि उपाहारगृहे या कायद्याच्या कक्षेत येतात. १९८६ मध्ये कामगार कल्याण निधी कायदा झाला. ३० मे १९८७ रोजी घटकराज्य झाल्यावर या कायद्यांच्या नावातून दमण व दीव कालांतराने गळाले, आशय बहुतांशी तोच राहिला.

सुरक्षिततेच्या बाबतीत निर्णायक ठरले ते भोपाळ. डिसेंबर १९८४ च्या त्या रात्रीनंतर, १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात धोकादायक प्रक्रियांवरचे स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. जागेची आधी छाननी करणे, धोक्याची माहिती कामगारांना आणि आसपासच्या वस्तीला देणे, आपत्कालीन योजना तयार ठेवणे ही बंधने त्यातून आली. गोव्याचे कारखाने नियम १९८५ चे; त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या कारखाने व बाष्पक (बॉयलर) निरीक्षणालयाचे कार्यालय पणजीत आल्तिनोवर आहे. सांकवाळच्या पठारावरील खत कारखाना १९७३ पासून चालू असल्यामुळे अमोनियाचा धोका गोव्याला अपरिचित नव्हता. तरीही जानेवारी २०१८ मध्ये अमोनिया नेणारा टँकर चिखली येथे महामार्गावर उलटला आणि भल्या पहाटे लोकांना घरे सोडावी लागली, तेव्हा दिसून आले ते एवढेच, की कारखान्याच्या कुंपणाआत केलेली तजवीज रस्त्यावरच्या टँकरला पुरत नाही.

भरपाईचा १९२३ चा कायदा सुरक्षिततेच्या कायद्याहून अधिक लवचीक होता, कारण तो जागेपेक्षा नोकरीच्या नात्याकडे पाही: इजा कामातून आणि कामाच्या ओघात झाली पाहिजे, मग चूक मालकाची होती की नव्हती हे सिद्ध करावे लागत नाही. कामगार दारूच्या अमलाखाली होता किंवा त्याने सुरक्षिततेचा नियम जाणूनबुजून मोडला, हे बचाव मृत्यूच्या आणि कायमच्या पूर्ण अपंगत्वाच्या प्रकरणांत चालत नाहीत. मृत्यूची भरपाई मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणून काढतात. तीस वर्षांच्या कामगारासाठी हा गुणक २०७.९८ आहे. परंतु वेतन कितीही असले तरी हिशेबात धरण्याच्या रकमेला मर्यादा आहे. २०१० पर्यंत ती ४,००० रुपये होती, तेव्हा ८,००० झाली आणि २०२० मध्ये १५,०००. म्हणजे त्याच तिशीतल्या माणसाच्या जिवाची कमाल भरपाई आधी ४,१५,९६० रुपये होती, ती १५,५९,८५० रुपये झाली, आणि मधली दहा वर्षे ८,३१,९२० वर थांबली होती. कर्मचारी राज्य विमा योजनेत असलेल्यांना या कायद्याखाली दावा करता येत नसे. त्यांचा लाभ विमा महामंडळाकडून.

इथे एक छोटे विषयांतर. या कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात माडासारख्या झाडांना छेद देऊन रस काढणाऱ्यांचा उल्लेख होता. गोव्याच्या रेंदेराला, म्हणजे माडाची सूर काढणाऱ्याला, हे वाचून समाधान वाटावे; पण बहुतेक रेंदेर स्वतःचा धंदा करणारे, मग माडावरून पडल्यावर मालक म्हणून कोणाकडे बोट दाखवायचे? नारळ पाडणाऱ्या पाडेलीचीही तीच अडचण, कारण तो आज एका भाटात (माडांच्या बागेत) तर उद्या दुसऱ्या. नैमित्तिक कामगारांना व्याख्येतून वगळणारे शब्द २००० मध्ये काढून टाकले गेले, मालक शोधण्याचा प्रश्न मात्र राहिला.

बांधकाम मजुरांसाठी केंद्राचा कायदा १९९६ चा, आणि त्याखालील गोव्याचे नियम २००८ चे. हा बारा वर्षांचा काळ गोव्यात बांधकामाच्या भरभराटीचा होता आणि ते काम मुख्यतः परप्रांतीय मजुरांच्या हातांनी झाले. ४ जानेवारी २०१४ रोजी काणकोणला चावडी येथे बांधकाम चालू असलेली इमारत कोसळून ३१ मजूर मरण पावले. मजुरांची नोंदणी, बांधकामावरचा उपकर आणि त्यातून चालणारे कल्याण मंडळ यांची चर्चा जनतेत खऱ्या अर्थाने त्यानंतर सुरू झाली.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्राने चार श्रम संहिता लागू केल्या आणि २९ जुने कायदे त्यांत विलीन झाले. १९२३ चा भरपाई कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. कारखाने, खाणी, गोदी आणि बांधकाम व्यावसायिक सुरक्षा संहितेत एकत्र आले. दहा किंवा अधिक कामगार असलेली आस्थापने, मग ती कारखाना असोत वा नसोत, या संहितेखाली येतात, हा बदल गोव्यासाठी मोलाचा आहे. त्यानंतर पंधरवडाभराने, ६ डिसेंबरच्या मध्यरात्री हडफडे येथील एका नाइट क्लबला आग लागली आणि २५ जण दगावले. त्यांतले पाच पर्यटक होते. बाकीचे वीस तिथले कर्मचारी, आणि त्यांतले अनेक जण स्वयंपाकघरात व तळघरात धुराने गुदमरले. नव्या संहितेतही कारखान्याची व्याख्या करताना हॉटेल, उपाहारगृह आणि खाणावळ वगळणारे शब्द जसेच्या तसे ठेवलेले आहेत.