मेटा डिस्क्रिप्शन तुमचं, स्निपेट गूगलचं

‘डिस्क्रिप्शन नीट भरलं होतं, तरी गूगलवर आमच्या साइटखाली भलतंच काहीतरी दिसतंय.’ तक्रार करणारे बदलतात, घोळ तोच राहतो. मेटा डिस्क्रिप्शन आणि स्निपेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेच कोणी लक्षात घेत नाही.

मेटा डिस्क्रिप्शन तुम्हाला ठाऊकच आहे. पानात काय आहे ते सांगणारी, पानाच्या कोडमध्ये, हेड भागात (वाचकाला न दिसणाऱ्या वरच्या भागात) ठेवलेली एक-दोन वाक्यं. वर्डप्रेसच्या एसइओ प्लगिनमध्ये, म्हणजे साइट शोधात नीट दिसावी म्हणून जोडायच्या साधनात, त्यासाठी चौकट असते. ती कशी भरायची हे सांगणारे रग्गड आहेत, मी वेळ घालवत नाही.

स्निपेट म्हणजे शोधाच्या निकालात शीर्षकाखाली दिसणारा मजकूर. तो कुठे आधी लिहून ठेवलेला नसतो. कोणी काय शोधलं ते बघून त्या वेळी निवडला जातो. गूगलचं म्हणणं स्पष्ट आहे: स्निपेट मुख्यतः पानावरच्या मजकुरातून घेतलं जातं, आणि मेटा डिस्क्रिप्शन पानाची ओळख त्याहून चांगली करून देत असेल तर ते वापरलं जातं. थोडक्यात, तुमचं डिस्क्रिप्शन हा निवडणुकीतला एक उमेदवार. बिनविरोध निवडून येण्याची हमी त्याला कोणी दिलेली नाही.

समजा, लॅपटॉपच्या बॅटरीवर तुमचा लांबलचक लेख आहे. डिस्क्रिप्शन असं: ‘लॅपटॉपच्या बॅटरीची काळजी कशी घ्यावी, याची संपूर्ण माहिती.’ कोणी ‘लॅपटॉप बॅटरी काळजी’ असं शोधलं तर हे वाक्य दिसूही शकेल. दुसऱ्याने ‘रात्रभर चार्जिंगला ठेवलं तर चालतं का’ असं विचारलं, तर लेखाच्या मध्यावरचा चार्जिंगचा परिच्छेद उचलला जाईल आणि जुळणारे शब्द ठळक दिसतील. तिसरा ‘बॅटरी फुगली’ म्हणून आला, तर शेवटाकडची धोक्याची सूचना वर येईल. पान एक, डिस्क्रिप्शन एक, स्निपेटं तीन. म्हणून ‘आमचं स्निपेट चुकीचं येतंय’ असं कोणी म्हटलं की मी आधी विचारतो, काय शोधल्यावर? बहुतेकांनी स्वतःच्या साइटचं नाव टाकून पाहिलेलं असतं. अनोळखी वाचक तसं शोधत नाही.

आता उपाय कुठे करायचा तेही उघड आहे. मजकुरात. प्रश्नाचं उत्तर उपशीर्षकाखालच्या पहिल्याच वाक्यात द्या. पानावर नुसती चित्रं आणि दोन बटणं असतील, तर गूगलला मेन्यूतले नाहीतर कुकीच्या सूचनेतले शब्द सापडतात. त्याला तो तरी काय करणार?

अक्षरं मोजणाऱ्यांचा मला विशेष राग आहे. डिस्क्रिप्शनच्या लांबीला गूगलची मर्यादा नाही. दाखवताना जागेप्रमाणे छाटलं जातं, एवढंच. 2017च्या अखेरीस गूगलने स्निपेटं लांबवली, तेव्हा अनेकांनी सगळी डिस्क्रिप्शनं वाढवून लिहिली. मे 2018पर्यंत स्निपेटं पुन्हा आखूड झाली. लांबी ‘योग्य’ झाली की प्लगिनमध्ये लागणारा हिरवा दिवा हे गूगलचं प्रमाणपत्र नव्हे. महत्त्वाचं ते पहिल्या वाक्यात आणा आणि सोडून द्या. सगळ्या पानांवर एकच वाक्य चिकटवण्यापेक्षा चौकट रिकामी ठेवलेली मला चालते; वेळ कमी असेल तर मुखपृष्ठ आणि जास्त वाचली जाणारी पानं तेवढी नीट लिहा.

डिस्क्रिप्शनमुळे शोधाच्या निकालातला क्रमांक वर जात नाही. गूगलने हे 2009मध्येच सांगितलंय. व्हॉट्सॲपवर लिंक पाठवल्यावर दिसणारं वर्णन सहसा ओपन ग्राफ टॅगमधून (लिंकच्या झलकेसाठी पानाच्या कोडमध्ये लिहायच्या खुणांमधून) येतं, ते प्रकरण वेगळं.

एके काळी तिसराच स्रोत होता: डीमॉझ ही स्वयंसेवकांनी चालवलेली सूची. तिथल्या संपादकाने साइटबद्दल लिहिलेली ओळ गूगल उचलायचा आणि ती टाळायला वेगळा टॅग लावावा लागे. 2017मध्ये सूची बंद पडली, टॅगही निकालात निघाला.

आज तुमच्या हातात नकार आहे. ‘नोस्निपेट’ ही सूचना पानाच्या कोडमध्ये दिली की स्निपेट पूर्ण बंद होतं. 2019मध्ये आलेल्या ‘मॅक्स-स्निपेट’ने त्याची लांबी बांधता येते आणि ‘डेटा-नोस्निपेट’ने पानाचा ठरावीक भाग वगळता येतो. अमुकच वाक्य दाखव, असं सांगणारा टॅग मात्र नाही.

आणि निकालाखाली ‘या पानाची माहिती उपलब्ध नाही’ अशा अर्थाची ओळ दिसत असेल, तर डिस्क्रिप्शनला हात लावू नका. बहुधा रोबोट्स फाइलने (robots.txt, कोणती पानं वाचायची नाहीत हे शोधयंत्रांना सांगणारी साइटवरची फाइल) पानाची वाट अडवलेली असते. गूगलच्या बॉटला, म्हणजे पानं वाचत फिरणाऱ्या प्रोग्रॅमला, पानच वाचता येत नाही, मग त्यातलं डिस्क्रिप्शन कुठून वाचणार? आधी ती फाइल उघडून बघा.