चाकी फिरवण्याआधी: शिकारी रायफलीच्या दुर्बिणीचा नेम का चुकतो?

नेम चुकला की शिकाऱ्याचा हात आधी दुर्बिणीच्या, नेम सरकवणाऱ्या चाकीकडे जातो, आणि खरा घोळ तिथूनच सुरू होतो. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात थँक्सगिव्हिंग या नोव्हेंबरातल्या सणाच्या आधीच्या शनिवारी बंदुकीने हरणं मारण्याचा नऊ दिवसांचा हंगाम उघडतो. त्याआधी शूटिंग रेंजवर रायफली तपासायला गर्दी होते. एखाद्याची गोळी उजवीकडे लागते, तो चाकी डावीकडे फिरवतो. पुढची खाली जाते, तो चाकी वर घेतो. काडतुसांचं खोकं रिकामं होतं, तरी नेम बसत नाही.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकार बंद आहे, आणि ते योग्यच आहे. पण जिथे ती कायदेशीर आहे तिथे नेमाचा प्रश्न थेट जनावराच्या वेदनेचा होतो. तिथल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाचं काळीज आणि फुप्फुसं ज्या भागात असतात, तो साधारण २० सेंटिमीटर व्यासाचा. गोळी त्याबाहेर लागली की जखमी हरीण रानात पळतं आणि तडफडत राहतं.

एकाच जागी नेम धरून झाडलेल्या गोळ्या सहसा एका छिद्रातून जात नाहीत, त्यांचा पुंजका होतो. हा पुंजका घट्ट असून बाजूला पडला असेल, तर ती दुर्बिणीच्या जुळणीची चूक, आणि चाकी तिच्यासाठीच आहे. पण पुंजकाच फाटलेला असेल, तर चाकी कितीही फिरवली तरी तो एकवटणार नाही. अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यासाठी नरसाळ्याचा प्रयोग करून दाखवत. टेबलावरच्या खुणेवर नरसाळं धरून एकेक गोटी सोडायची. नरसाळं जागचं हलवलं नाही, तर गोट्या खुणेभोवती थोड्या विखुरतात. पण दर गोटीनंतर, ती जितकी चुकली तितकं नरसाळं उलट्या दिशेला सरकवत गेलं, तर विखुरणं घटत नाही, वाढतं. प्रमाण विचलन, म्हणजे विखुरण्याचं माप, सुमारे ४१ टक्क्यांनी जास्त येतं. एकेका गोळीमागे चाकी फिरवणारा शिकारी नेमकं हेच करत असतो. निदान पाच गोळ्या एकाच जागी नेम धरून झाडाव्यात, पुंजक्याचा मध्य काढावा आणि मगच दुरुस्ती करावी. तीन गोळ्यांच्या पुंजक्यावर मी तरी विसंबणार नाही. त्यातली एक भरकटली तरी मध्य भलतीकडे जातो.

पुंजका फाटलेला असेल तर काडतुसं काढून, बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा) उघडा ठेवून आधी स्क्रू तपासावेत. दुर्बीण दोन कड्यांत बसते, कडी तळपट्टीवर आणि तळपट्टी रायफलीवर. यातला एक स्क्रू जरी सैल असला तरी प्रत्येक धक्क्याला दुर्बीण केसभर हलते, आणि तेवढं पुरतं. दोन कड्यांमध्ये साधारण १० सेंटिमीटर अंतर असेल आणि एक कडी मिलिमीटरचा दहावा भाग सरकली, तर १०० मीटरवर गोळी १० सेंटिमीटर बाजूला जाते. उलट स्क्रू वाजवीपेक्षा जास्त आवळले तर दुर्बिणीची अॅल्युमिनियमची नळी चेपते आणि आतला हलणारा भाग अडकतो. म्हणून इथे अंदाज नको. बनवणाऱ्याने सांगितलेल्या आकड्यावर लावलेला टॉर्क पाना, म्हणजे ठरावीक जोरानेच आवळणारा पाना, हवा. मग दस्ता, म्हणजे खांद्याला टेकणारा लाकडी भाग, रायफलीला धरून ठेवणारे स्क्रू पाहावेत. अनेक रायफलींत बंदुकीची नळी दस्त्यापासून सुटी ठेवलेली असते. अशा रायफलीत नळी आणि लाकूड यांच्या फटीतून कागदाची पट्टी घालून मागे सरकवत न्यावी. दमट हवेत लाकूड फुगलं असेल तर पट्टी मध्येच अडते. तिथे लाकूड नळीला टेकलं आहे, आणि नळी तापत जाते तसा तो दाब बदलत जातो.

एवढं करूनही गोळ्या विखुरत असतील, तर संशय दुर्बिणीच्या आतल्या भागावर. खगोलशास्त्रज्ञ योहान्स केप्लरने १६११ मध्ये दोन बहिर्गोल भिंगांची दुर्बीण मांडली. तिच्यात दूरच्या वस्तूची उलटी प्रतिमा नळीच्या आत, हवेतच एका प्रतलावर तयार होते. त्या प्रतलावर बारीक तार ठेवली तर ती वस्तूवरच आखल्यासारखी दिसते. हे साधलं विल्यम गॅस्कॉइन या तरुण इंग्रज खगोल अभ्यासकाला. कोळ्याचा एक धागा चुकून बरोबर तिथे ताणला गेला होता, त्यावरून त्याला ही कल्पना सुचली. इंग्लंडमधल्या यादवी युद्धात, १६४४ च्या मार्स्टन मूरच्या लढाईत तो मारला गेला. आजच्या शिकारी दुर्बिणीतली फुली हा त्याच्याच कल्पनेचा वारसा आहे.

प्रतिमा आणि फुली एकाच प्रतलावर नसतील तर डोळा हलला की फुली लक्ष्यावरून सरकते. हाच पॅरॅलॅक्स. किराणा दुकानातला वजनकाटा बाजूने पाहिला की काटा भलत्या आकड्यावर दिसतो, तसंच हे. अनेक शिकारी दुर्बिणी १०० यार्डांसाठी, म्हणजे सुमारे ९१ मीटरसाठी, जुळवलेल्या असतात. पुढचं भिंग ४० मिलिमीटरचं असेल आणि लक्ष्य २०० यार्डांवर, तर डोळा अगदी कडेला असताना जास्तीत जास्त २ सेंटिमीटरची चूक येते. हरणाच्या शिकारीत एवढ्याने काही बिघडत नाही, तरी खापर पुष्कळदा यावरच फुटतं. तपासायचं असेल तर रिकामी रायफल वाळूच्या पिशव्यांवर पक्की बसवावी आणि हात न लावता फक्त डोकं हलवून पाहावं. डोळ्याजवळच्या भिंगाची कडी फिरवून हा दोष जात नाही. तिच्याने फुली स्पष्ट दिसते, एवढंच.

आता चाकीकडे येऊ. उलटी प्रतिमा सुलटी करणारी भिंगं आत एका छोट्या नळीत असतात. तिला वरच्या आणि बाजूच्या चाकीचे स्क्रू एका अंगाने रेटतात, समोरून स्प्रिंग दाबून धरते. स्प्रिंग थकली की चाकी टिकटिक करते, पण आतली नळी हलत नाही. दोन-तीन गोळ्यांचे धक्के बसले की मग ती एकदम सरकते, आणि घट्ट असायला हवा तो पुंजका दोन तुकड्यांत पडतो. हे पकडायला चौकोनाची चाचणी उत्तम. एकाच खुणेवर नेम ठेवून पुंजका घ्यायचा, मग चाकी २० क्लिक (टिक) वर, २० उजवीकडे, २० खाली, २० डावीकडे, आणि प्रत्येक टप्प्यावर पुन्हा पुंजका. एक क्लिक पाव मिनिट कोनाची (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) असेल तर १०० यार्डांवर चौकोनाची बाजू सुमारे १३.३ सेंटिमीटर यायला हवी आणि शेवटचा पुंजका पहिल्यावर बसायला हवा. नाही बसला तर दुर्बीण दुरुस्तीला पाठवावी. त्याआधी, जमल्यास, खात्रीची दुसरी दुर्बीण त्याच रायफलीवर चढवून पाहावी. तिच्यानेही गोळ्या विखुरल्या तर दोष बंदुकीच्या नळीत, तिच्या तोंडाच्या कडेत, काडतुसांत किंवा चाप ओढणाऱ्या बोटात शोधायचा.

काडतुसांचा प्रकार बदलला तर जुळणी नव्याने करावी लागते. थंडीत काडतुसातली दारू जरा सावकाश जळते, त्यामुळे उन्हाळ्यात केलेली जुळणी नोव्हेंबरात पडताळून घ्यावी.

शेवटची तपासणी थंड नळीची. हरणावर झाडलेली पहिली गोळी थंड नळीतूनच जाते, रेंजवरचा पुंजका मात्र तापलेल्या नळीचा असतो. म्हणून हंगामाआधी वेगवेगळ्या सकाळी रेंजवर जाऊन, रानात जसे बसणार तसेच बसून, एकच गोळी झाडावी. कागद तोच ठेवावा. त्यावरची छिद्रं ज्या अंतरापर्यंत २० सेंटिमीटरच्या वर्तुळात राहतात, त्याच्यापलीकडे उभ्या असलेल्या हरणावर बंदूक उचलू नये.