खोल होल मारताना काय कमी करायचं, स्पीड की फीड?

ड्रिल ४०-५० मिमी आत गेलं की ओरडायला लागतं आणि मशीनवर उभा असलेला पोरगा आधी हात कुठे नेतो, तर फीडच्या नॉबवर. १०० वरून ७०, ७० वरून ४०, आवाज जरा बसला की त्याला वाटतं जमलं. त्याला दोष देऊन उपयोग नाही कारण शॉपमधे "स्पीड कमी कर" हे एकच वाक्य आपण आरपीएमसाठी पण वापरतो आणि फीडसाठी पण, आणि वर बहुतेक व्हीएमसीवर (उभ्या स्पिंडलच्या सीएनसी मशीनवर) स्पिंडलचा नॉब ५० टक्क्यांच्या खाली जात नाही, फीडचा पार शून्यापर्यंत येतो, मग हात तिकडेच जाणार ना. पण खोल होलमधे ह्या दोन गोष्टींची कामं एकदम वेगळी आहेत आणि चुकीची कमी केली की ड्रिल वाचत नाही, उलट लवकर जातं.

कटिंग स्पीड म्हणजे ड्रिलचा बाहेरचा कोपरा एका मिनिटात किती मीटर पळतो ते. ५ चं ड्रिल आणि २० चं ड्रिल दोन्ही ७०० आरपीएमवर फिरवा, २० च्या ड्रिलचा कोपरा चौपट पळणार, म्हणून नुसता आरपीएम सांगून काही कळत नाही. मीटरला १००० ने गुणायचं, ३.१४ गुणिले डायमीटरने भागायचं, आरपीएम मिळतो. फीड म्हणजे ड्रिल एका फेऱ्यात किती मिमी खाली उतरतं. स्पीडवर गरमी ठरते आणि फीडवर चिपची जाडी ठरते, बाकी सगळं ह्यातूनच निघतं.

आता होल खोल झालं की नक्की काय बदलतं ते बघा. डायमीटरच्या तिप्पट खोलीपर्यंत कूलंट टोकापर्यंत बऱ्यापैकी पोचतं, चिप फ्लूटमधून, म्हणजे ड्रिलच्या पिळाच्या खाचेतून, सहज वर येते. पाचपट-सहापटीला कूलंट वरच्यावर उडून जातं, चिप्स वर यायला लागल्या की त्याच फ्लूटमधे एकमेकींवर घासतात, आणि तयार झालेली गरमी जायला वाटच नसते. एचएसएसची (हाय स्पीड स्टीलच्या ड्रिलची) धार साधारण ६०० डिग्रीच्या आसपास मऊ पडायला लागते, मग कोपरा गोल होतो, आणि गोल कोपरा अजून घासतो, अजून गरम. म्हणजे खोलीत मूळ भांडण गरमीचं आहे, म्हणून पहिल्यांदा स्पीड उतरवायचा. शॉपमधे चालणारा हिशोब असा, की तिप्पट खोलीला स्पीड १० टक्के कमी, चौपटीला २०, पाचपटीला ३०, आणि सहा ते आठपटीला ३५-४० टक्के. फीड मात्र तीन-चारपटीला १० टक्के आणि पाच ते आठपटीला २० टक्के, एवढंच. खोली वाढली की स्पीडपेक्षा फीड कमीच उतरतं, आणि ते पण लांब ड्रिल दाबाखाली वाकू नये म्हणून.

एक जॉब धरा. ईएन८ ची (मध्यम कार्बन स्टीलची) प्लेट, मोल्डचं कूलिंग होल, १० चं एचएसएस ड्रिल, ८० मिमी खोल, म्हणजे आठपट. साध्या होलला २२ मीटर घेतला असता तर ७०० आरपीएम, फीड ०.१८, म्हणजे मिनिटाला १२६ मिमी. आठपटीला स्पीड ४० टक्के उतरवला की ४२० आरपीएम, फीड २० टक्के उतरवलं की ०.१४४, आपण ०.१५ धरू, मग प्रोग्राममधला एफ येतो ६३, म्हणजे मिनिटाला ६३ मिमी. हा झाला बरोबर आकडा.

चुकायच्या वाटा दोन आहेत. पहिली, पोराने एस, म्हणजे आरपीएम, ७०० चा ४२० केला पण एफ १२६ तसाच ठेवला. व्हीएमसी जी९४ मधे असते, एफ म्हणजे मिनिटाचं फीड, स्पिंडल कितीवर फिरतोय ह्याच्याशी त्याला देणंघेणं नाही. १२६ भागिले ४२० म्हणजे ०.३०, एका फेऱ्यात दुप्पट माल, ड्रिल खटकन तुटतं आणि मग सगळे म्हणतात स्पीड कमी करून पण तुटलं. दुसरी वाट म्हणजे तो नॉब. ७०० आरपीएम तसाच, फीड ३० टक्क्यांवर, मिनिटाला ३८ मिमी, म्हणजे फेऱ्याला ०.०५४ आणि एका धारेच्या वाट्याला ०.०२७. एवढ्या पातळ थरात धार मालाच्या खाली नीट घुसत नाही, बरीचशी वरून घासत राहते. गरमी कमी झाली का, तर नाही, कारण कोपरा तेवढ्याच वेगाने पळतोय, आणि वर तोच होल मारायला तिप्पट वेळ तो पळत राहणार.

जुन्या रेडियल ड्रिलवर शिकलेल्या माणसांचा ह्यात फार गोंधळ होतो आणि त्यात त्यांची चूक नाही. तिथे ऑटो फीड गिअरने स्पिंडललाच जोडलेलं, लिव्हरवर फीड एका फेऱ्याचं लिहिलेलं, त्यामुळे आरपीएम उतरवला की मिनिटाचं फीड आपोआप उतरायचं. व्हीएमसीवर तसं पाहिजे असेल तर जी९५ टाकायचा आणि एफ०.१५ लिहायचं, मग स्पिंडलचा नॉब कितीही फिरवा चिपची जाडी तीच राहते. माझं स्पष्ट मत आहे की खोल ड्रिलिंगचा प्रोग्राम जी९५ मधेच लिहावा, फक्त पुढच्या टूलच्या आधी जी९४ परत टाकायला विसरू नका नाहीतर एफ५०० म्हणजे फेऱ्याला ५०० मिमी होईल. सीएनसी लेथवाल्यांना हे सुख आधीपासून आहे, जी९९ म्हणजे फेऱ्याचंच फीड, पण तिथे वेगळा खड्डा आहे, टर्निंगचा जी९६, जो डायमीटर बघून आरपीएम बदलतो, तसाच चालू राहिला आणि ड्रिल एक्स शून्यावर आलं की कंट्रोल डायमीटर शून्य समजतो आणि आरपीएम जी५० च्या लिमिटपर्यंत पळवतो. लेथवर ड्रिलच्या आधी जी९७, म्हणजे ठराविक आरपीएम, पाहिजेच.

ह्यातलं सगळ्यात महाग शिक्षण मला एसएस ३०४ ने, म्हणजे स्टेनलेस स्टीलने, दिलं. मी तेव्हा एका जॉब शॉपमधे नाईटला होतो, ८ चं कोबाल्ट ड्रिल, ६५ मिमी खोल होल, ब्लॉक पार्टीने दिलेला. ४० मिमीला चीं असा बारीक आवाज सुरू झाला, मी फीड २० टक्क्यांवर आणलं, आवाज गेला, मी चहा प्यायला वळलो. परत येऊन बघतो तर चिपच येत नव्हती, ड्रिल नुसतं घासत फिरत होतं आणि होलातून धूर. ड्रिल काढलं, कोपरे निळे. नवीन ड्रिल लावलं, त्याच होलात घातलं, ते दहा सेकंदात गेलं. मग तिसरं. तेव्हा कळलं की ३०४ ला नुसतं घासलं की तो वरचा थर कडक होतो, आणि मी होलाच्या तळाला स्वतःच्या हाताने कडक पापडी तयार करून ठेवली होती. सकाळी आमच्या सिनिअर सेटरने तोच ब्लॉक लावला, नवीन ड्रिल, ३२० आरपीएम म्हणजे साधारण ८ मीटर, आणि फीड फेऱ्याला ०.१२ पूर्ण, नॉब १०० वर, हात लावायचा नाही. ड्रिल एकदा करकरलं, पापडी फोडली आणि खाली गेलं. मला तो एवढंच म्हणाला, "स्टेनलेसला विचार करायला वेळ द्यायचा नाही."

बाकी मटेरियलचं पटकन सांगतो. अल्युमिनियममधे स्पीड ६०-८० मीटर चालतो, तिथे भीती चिकटायची, म्हणून फीड मोठं आणि फ्लूट रुंद. कास्ट आयर्नला पावडरच पडते त्यामुळे खोलीचा त्रास कमी.

आकडे पाठ नसले तरी चिप सगळं सांगते, फक्त ट्रेमधून एक उचलून बघायची सवय पाहिजे. स्टीलमधे छोटी, नऊच्या आकड्यासारखी वळलेली, जाड चिप म्हणजे फीड बरोबर. सुतळीसारखी लांब, ड्रिलभोवती गुंडाळलेली म्हणजे फीड कमी पडतंय, चिपला तुटायला जाडीच मिळत नाहीये, आणि हीच सुतळी खोल होलात फ्लूट बंद करते. आकार चांगला पण रंग निळा, एचएसएस असेल तर स्पीड उतरवा. कार्बाइडच्या ड्रिलला निळ्या चिपचं एवढं टेन्शन नाही.

पेकिंगमधे, म्हणजे थोडं थोडं मारत टप्प्याने खाली जाण्यात, पण हीच गल्लत असते. जी७३ नुसता जरासा मागे येऊन चिप तोडतो, जी८३ पूर्ण बाहेर येऊन चिप टाकतो आणि कूलंट आत जातं. पाचपटीच्या पुढे एचएसएसला जी८३. पण लोक घाबरून क्यू, म्हणजे एका टप्प्याची खोली, अर्धा मिमी ठेवतात, म्हणजे प्रत्येक वेळी धार येऊन आपटणार आणि नीट कापायला लागायच्या आत परत वर. १० च्या ड्रिलला पहिला टप्पा २०-२५ मिमी बिनधास्त, मग १०-१०, शेवटी ५.

गन ड्रिलकडे, म्हणजे खूप खोल होलसाठीच्या लांब ड्रिलकडे, गेलं की हे सगळं उलटं दिसतं आणि तिथून आलेला माणूस इथे गोंधळतो. एकच धार, कार्बाइडचं टोक, स्पीड ७०-८० मीटर आणि फीड १० च्या ड्रिलला फक्त ०.०२-०.०४. तिथे चिप बारीक चालते कारण ५०-६० बार प्रेशरचं तेल ड्रिलच्या आतून टोकाशी येतं आणि चिप व्ही खाचेतून धुऊन नेतं, गरमी पण तेच नेतं. आपल्या वरून ओतलेल्या कूलंटवर ते फीड लावलं तर घासणंच होणार. कूलंट-थ्रू सॉलिड कार्बाइड ह्या दोघांच्या मधलं, स्पीड ७०-८० आणि फीड पण ०.२ पूर्ण, पेक नाही, एका दमात २० पट खोल. फक्त तेवढं लांब ड्रिल हवेत पूर्ण आरपीएमवर फिरवायचं नाही, ते चाबकासारखं हलतं. आधी त्याच डायमीटरच्या आखूड ड्रिलने तिप्पट खोल पायलट होल, त्यात २००-३०० आरपीएमवर हळू आत शिरायचं, तळाच्या एखाद मिमी आधी थांबायचं, कूलंट चालू, आरपीएम पूर्ण, आणि मग फीड.