विडाल पॉझिटिव्ह म्हणजे टायफॉइडच का?

बारावीच्या जीवशास्त्रात मानवी आरोग्य आणि रोग हे प्रकरण म्हणजे हुकमी मार्क. रोग, जंतू, लक्षणं, चाचणी असा तक्ता केला की काम झालं. परीक्षा जवळ आली की सांगलीत विश्रामबागच्या अभ्यासिकांमध्ये हेच पाठांतर सुरू होतं. त्या तक्त्यातल्या एका ओळीवर माझा राग आहे: टायफॉइड, साल्मोनेला टायफी, विडाल चाचणी. पेपरात ती चालते. पण पोरं मोठी झाली तरी ओळ डोक्यातून जात नाही. घरात कुणाला दोन दिवस ताप आला की विडाल करायची, रिपोर्टवर १:८० दिसलं की ‘टायफॉइड निघाला’ म्हणायचं. निघाला कुठे? विडालमध्ये जंतू कुणी शोधलेलाच नसतो.

फर्नां विडाल या फ्रेंच डॉक्टरने १८९६ साली ही चाचणी मांडली. तिच्यात शोधतात ती प्रतिपिंडं, म्हणजे जंतूविरुद्ध आपल्याच शरीराने तयार केलेली प्रथिनं. लॅबमध्ये मेलेल्या साल्मोनेलाचं गढूळ द्रावण तयार असतं. त्यात रुग्णाचं सिरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारं पिवळसर पाणी, मिसळायचं. सिरममध्ये प्रतिपिंडं असतील तर जंतू एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात. कारण प्रतिपिंडाला एकच हात नसतो. आयजीजी या प्रकाराला दोन असतात, आयजीएम या प्रकाराला तर दहा. एका हाताने हा जंतू धरला, दुसऱ्याने शेजारचा, असं जाळं विणलं जातं आणि ते डोळ्यांना दिसतं. प्रतिपिंड जंतूवर जिथे चिकटतं ते प्रतिजन. जंतूच्या पृष्ठभागावरच्या ‘ओ’ प्रतिजनामुळे रवाळ गुठळी होते. त्याच्या शेपट्यांवरच्या ‘एच’मुळे पिंजलेल्या कापसासारखी.

आता खरी गंमत. प्रतिपिंडं फार जास्त असली तर गुठळी होतच नाही! प्रत्येक जंतूवरच्या सगळ्या जागा वेगवेगळ्या प्रतिपिंडांनी आधीच अडवलेल्या असतात. त्यांचे दुसरे हात मोकळे असतात, पण धरायला शेजारच्या जंतूवर जागाच उरलेली नसते. म्हणून सिरम दुपटीदुपटीने पातळ करत १:२०, १:४०, १:८०, १:१६० अशा नळ्या मांडतात आणि गुठळी कुठपर्यंत दिसते ते पाहतात. शेवटची गुठळी दिसलेली नळी म्हणजे टायटर. पहिली नळी कोरी आणि चौथीत गुठळी, असंही होऊ शकतं. नुसत्या काचपट्टीवर एक थेंब टाकून उरकलेल्या चाचणीत ही बारीकी हरवते.

प्रतिपिंडं आहेत एवढ्यावरून ती आत्ताची की मागची, हे कळत नाही. जुना संसर्ग, घेतलेली लस, साल्मोनेलाचीच दुसरी भावंडं, कशानेही ती असू शकतात. टायफॉइड जिथे नेहमीचा आहे तिथे धडधाकट माणसाच्या सिरममध्येही थोडी सापडतात. २००५ आणि २०१९चा महापूर पाहिलेल्या सांगलीकरांना दूषित पाण्याचं वेगळं सांगायला नको. उलट खरा टायफॉइड असूनही पहिल्या आठवड्यात प्रतिपिंडं पुरेशी तयार झालेली नसतात, मग विडाल निगेटिव्ह येते. आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोन नमुने घेऊन टायटर चौपट वाढलेलं दिसलं तर त्याला काही अर्थ. पण दुसऱ्यांदा रक्त द्यायला येतो कोण?

मुदतीच्या तापाला, म्हणजे टायफॉइडलाच, दोरा बांधणारेही त्याच्या मुदतीवरच जगतात. औषध न घेता टायफॉइडचा ताप साधारण तीन-चार आठवडे चालतो आणि पुष्कळांचा आपोआप उतरतो. दोरा तिसऱ्या आठवड्यात बांधलेला असतो, श्रेय त्याला. पण आतड्याला भोक पडण्याचा धोका नेमका त्याच सुमारास जास्त असतो. प्रतिजैविकं नव्हती तेव्हा शंभरातले दहा-वीस रुग्ण दगावत.

भरवशाची तपासणी म्हणजे ब्लड कल्चर. रक्तातला जंतू वाढवून तोच समोर आणायचा. मात्र प्रतिजैविक सुरू करण्याआधी रक्त घ्यायला हवं, आणि चांगलं आठ-दहा मिलिलिटर, कारण एका मिलिलिटरमध्ये बहुधा एखादाच जंतू असतो. तरीही बरेच रुग्ण निसटतात. काही लॅब वाढीच्या द्रावणात पित्त घालतात. इतर बऱ्याच जंतूंना ते सोसत नाही, साल्मोनेला टायफीला सोसतं.

त्याच गुणामुळे तो माणसाच्या पित्ताशयात वर्षानुवर्षं मुक्काम करू शकतो. परीक्षेत जिचं नाव येतं ती न्यूयॉर्कची स्वयंपाकीण मेरी मॅलन अशीच वाहक होती. स्वतः ठणठणीत, आणि तिच्या हातचं जेवणारी माणसं आजारी. १९०७ साली ती सापडली, पुन्हा स्वयंपाक करणार नाही या अटीवर १९१० मध्ये सुटली, आणि १९१५ मध्ये एका प्रसूतिगृहात नाव बदलून स्वयंपाक करताना पुन्हा सापडली. तिथून १९३८ साली मरेपर्यंत ती विलगीकरणातच राहिली. पित्ताशय काढून टाक, असं तिला सांगून पाहिलं होतं. तिने ऐकलं नाही. आपल्याला काही झालंय हेच तिला कधी पटलं नव्हतं, आणि त्या काळची शस्त्रक्रिया पाहता मी तिला फारसा दोष देणार नाही.