पहिल्या प्लेटा मऊ, शेवटच्या कडक : अगार नीट का गोठत नाही?

जंतू वाढवण्यासाठी प्लेटमध्ये ओतून गोठवायच्या मीडियमची (पोषक माध्यमाची) पावडर आम्ही विकतो. ते गोठवणारा घटक म्हणजे अगार. ‘प्लेट सेट झाली नाही, लॉट (एका खेपेत बनलेला माल) बदलून द्या’ ही आमच्याकडे येणारी सर्वांत नेहमीची तक्रार. प्रत्येक लॉटचा नमुना आम्ही राखून ठेवतो आणि तक्रार आली की त्यातूनच मीडियम करून पाहतो. ते बहुतेक वेळा व्यवस्थित गोठते. म्हणून लॉट बदलण्याआधी एकच पाहा. एकाच फ्लास्कमधून ओतलेल्या पहिल्या प्लेटा लिबलिबीत आणि शेवटच्या रबरासारख्या झाल्या आहेत का? तसे असेल तर अगार कमी पडलेले नाही, ते तळाशी बसले होते.

हे होते ते उकळण्याची पायरी गाळल्यामुळे. पावडर पाण्यात टाकली, दोनदा हलवली आणि फ्लास्क थेट ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात. ‘१२१ अंशांना वितळेलच की,’ असे म्हटले जाते. वितळते हे खरे, पण आत ढवळायला कोणी नसते. पावडरीतले पेप्टोन (प्रथिनांपासून केलेले जंतूंचे खाद्य) आणि मीठ पाण्यात सहज विरघळते. अगार मात्र थंड पाण्यात फक्त फुगते आणि खाली बसते. तिथेच वितळून त्याचा दाट थर तयार होतो आणि वर उरतो जवळजवळ नुसता ब्रॉथ, म्हणजे न गोठणारा पोषक द्राव.

न्यूट्रियंट अगार या साध्या मीडियमचे उदाहरण घ्या. लिटरला २८ ग्रॅम पावडर, म्हणजे ५०० मिलीला १४ ग्रॅम. त्यातले साडेसात ग्रॅम नुसते अगार. फ्लास्क एक लिटरचा घ्या, लहान घेतला तर उतू जाणारच. आधी निम्मे डिस्टिल्ड पाणी घाला, मग फ्लास्क फिरवत पावडर भुरभुरवा आणि उरलेल्या पाण्याने गळ्याला चिकटलेली पावडर खाली धुऊन घ्या. पावडर आधी आणि पाणी नंतर, असे केले की गुठळ्या होतात आणि त्या पोटात कोरड्याच राहतात. दहा-पंधरा मिनिटे भिजू द्या. मग सतत ढवळत उकळी आणा. फेस वर चढू लागला की आच कमी करा, पण मिनिटभर तरी उकळू द्या.

विरघळले की नाही, हे ओळखायला फ्लास्क उजेडाकडे धरून तिरपा करा आणि परत सरळ करा. काचेवरून द्राव ओघळताना मागे बारीक पारदर्शक कण चिकटून राहिले, तर अजून उकळायला हवे. काच स्वच्छ राहिली की १२१ अंश, १५ पौंड दाब, १५ मिनिटे. सुरुवातीला वाफेबरोबर आतली हवा पूर्ण जाऊ द्या, नाहीतर काटा १५ दाखवेल आणि तापमान मात्र कमीच राहील.

बाहेर काढल्यावर फ्लास्क पुन्हा सावकाश गोल फिरवा, ही दुसरी विसरली जाणारी पायरी. वरखाली हलवू नका. बुडबुडे होतात, शिवाय अतितप्त द्राव एकदम उसळून हात भाजतो. ४५ ते ५० अंशांवर आणून ९० मिमीच्या प्लेटला १५ ते २० मिली ओता. प्रतिजैविकांच्या चाचणीसाठीच्या म्युलर हिंटन मीडियमला ४ मिमी जाडी लागते, तिथे साधारण २५ मिली धरा. फार गरम ओतले तर झाकणाला थेंब धरतात, ते खाली पडले की जंतूंच्या वसाहती (वाढलेले ठिपके) एकमेकींत मिसळतात.

सगळ्याच प्लेटा सारख्या मऊ असतील तर कारण वेगळे : वजन चुकले, पाणी जास्त झाले, किंवा आम्लात अगार तापवले. पोटॅटो डेक्स्ट्रोज अगार या बुरशी वाढवण्याच्या मीडियमचा पीएच (आम्लता) ३.५ करायचा असेल तर निर्जंतुक १० टक्के टार्टारिक आम्ल ऑटोक्लेव्हनंतर, ओतण्याच्या आधी घाला. त्यानंतर ते पुन्हा तापवू नका, अगारची साखळी तुटते. साधे मीडियमही एकदाच परत वितळवावे.

एक्सएलडी, एसएस, टीसीबीएस आणि व्हायोलेट रेड बाइल अगार ही ठरावीक जंतूच वाढू देणारी मीडियम फक्त उकळायची, ऑटोक्लेव्हमध्ये घालायचीच नाहीत. डब्यावर तसे छापलेले असते, तरी गल्लत होते.

काही जण वरून चिमूटभर अगार घालून घेतात. पहिल्या प्लेटा सुधारतात, शेवटच्या आणखी कडक होतात. संवेदनशीलता चाचणीत (जंतूवर कोणते प्रतिजैविक चालते ते पाहताना) तर अगारमधून प्रतिजैविक पसरण्याचे प्रमाणच बदलते. म्हणून ‘जास्त अगारवाली’ पावडर आम्ही मागणी असूनही काढत नाही.

उघडलेला डबा परत घेत नाही, यावर नाराजी असते. पण ही पावडर हवेतला ओलावा ओढते. झाकण किती वेळ सैल होते, हे आम्हाला कळण्याचा मार्ग नाही. वापर कमी असेल तर ५०० ग्रॅमच्या डब्याऐवजी १०० ग्रॅमचा घ्या, किंवा ५०० मिलीसाठी मोजून भरलेली १४ ग्रॅमची पाकिटे. आठवड्याला पाच-दहा प्लेटाच लागत असतील तर तयार प्लेटा सोयीच्या पडतात. त्यात वजनाची, उकळण्याची भानगडच नाही.

तरीही तक्रार उरलीच तर लॉट नंबर, घेतलेले वजन, पाण्याचे माप आणि मऊ प्लेट पहिली होती की शेवटची, एवढे कळवा. राखीव नमुन्यातही दोष निघाला तर डबा बदलून देऊ, उघडलेला असला तरी.