क्रुग ग्रांद क्युवे : वाढप, चव आणि पदार्थांची जोड

फ्रान्समधील रँस शहरात १८४३ साली योझेफ क्रुग यांनी सुरू केलेल्या क्रुग पेढीची प्रमुख शँपेन म्हणजे ग्रांद क्युवे. भारी शँपेन सहसा एकाच सालच्या द्राक्षांची असते. ही मात्र मुद्दाम अनेक सालांची करतात. पिनो न्वार, शार्दोने आणि म्युनिये या तीन द्राक्षजातींच्या शंभराहून अधिक वाइन तिच्यात एकत्र येतात. दरवर्षीचे नवे मिश्रण म्हणजे एक आवृत्ती. १६४व्या आवृत्तीत १२७ वाइन होत्या, ११ सालांच्या. सर्वांत जुनी १९९० ची, सर्वांत नवी २००८ ची. पुढे तळघरात सुमारे सात वर्षे मुरवण. मागच्या लेबलवर सहा आकडी क्रमांक असतो. पहिला आकडा तिमाही, पुढचे दोन बूच बसवल्याचे साल. ४१९ ने सुरू होणारी बाटली म्हणजे २०१९ ची शेवटची तिमाही. बूच नुकतेच बसवलेले असेल तर चव टोकदार लागते, दोन-तीन वर्षांनी ती गोलसर होते.

बर्फगार वाढणे ही नेहमीची चूक. योग्य तापमान ९ ते १२ अंश सेल्सिअस. त्याखाली वास मिटतो, उरतो फक्त आंबटपणा आणि बुडबुडे. त्यासाठी एवढे पैसे मोजायची गरज नाही. बादलीत बर्फ आणि पाणी निम्मेनिम्मे घ्यावे; नुसत्या बर्फात फटी राहतात, बाटली नीट गार होत नाही. अर्धा तास पुरतो. मुंबईसारख्या उकाड्यात ग्लास एक तृतीयांशच भरावा, कारण दहा मिनिटांत तो कोमट होतो.

बाटलीच्या आत सुमारे सहा वातावरणांइतका दाब असतो, म्हणून बुचावरच्या तारेच्या जाळीचे सहा अर्धे वेढे सोडवताना अंगठा बुचावरच ठेवावा. बाटली तिरकी धरून बूच घट्ट पकडावे आणि बाटली फिरवावी. हलका सुस्कारा यावा. फटाका वाजला की वायू आणि वाइन दोन्ही वाया. हलवलेली किंवा कोमट बाटली उसळतेच.

अरुंद उंच ग्लासात वासाला जागा नसते. व्हाइट वाइनचा, वर निमुळता होणारा ग्लास घ्यावा. साबणाचा अंश राहिला तर फेस मरतो. ग्लास तिरका धरून ओतल्यास वायू जास्त टिकतो, हे रँसच्या संशोधकांनी मोजून दाखवले आहे. आधी भाजलेला पाव आणि बदाम, ग्लास जरा कोमटला की मध, संत्र्याची साल असे वास उलगडतात. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर दोष बुचाचा; बाटली परत करावी.

जोडीला खारट आणि स्निग्ध पदार्थ : मुरलेले कोंते हे फ्रेंच चीज, इबेरियन हॅम म्हणजे खारवून सुकवलेले स्पॅनिश डुकराचे मांस, लोण्यात परतलेले मशरूम, भाजलेली कोंबडी. आंबटपणा तूपकटपणा कापतो, मीठ फळाची चव वर आणते. केकबरोबर मात्र ती कडवट-आंबट लागते, कारण ब्रूत म्हणजे कोरड्या, कमी गोड शँपेनमध्ये (ही त्याच प्रकारची) साखर लिटरला १२ ग्रॅमहून कमी असते. आपल्याकडे वाढदिवसाला नेमके हेच होते. तिखट रश्श्यासोबत बुडबुडे जिभेला झोंबतात.

उरलेल्या बाटलीत चमचा अडकवून काही साधत नाही. पकडीचे झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवल्यास दुसऱ्या दिवशीही ती पिण्याजोगी राहते.