कूलर चालू असूनही घरच्या म्हाताऱ्या माणसांना का उकडते?

एप्रिल लागला की दुकानात एकच तक्रार येते. "कूलर चालतो, पण बाबाजींना चैन पडत नाही." मिस्त्री उन्हात पंधरा किलोमीटर गाडी हाणत जातो. पंप ठीक, पंखा ठीक, ताट्या (कूलरच्या बाजूंना लावलेले गवताचे पडदे) ओल्या. दार मात्र बंद, समोरची खिडकी बंद, फटीत चिंध्या कोंबलेल्या. गारवा बाहेर जाऊ नये म्हणून!

सगळा घोळ इथेच आहे. कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या ताटीतून ओढतो, ताटीतले पाणी उडते आणि हवा गार होते. ती हवा खोलीतून बाहेर निघायला वाट नसेल तर ओल साचत जाते. ताटलीत ठेवलेला भाजका पापड थोड्या वेळात मऊ पडला, तर खोली कोंडली समजा.

जवान माणूस अशा खोलीत दुपार काढून नेतो. म्हाताऱ्या माणसाला ते जमत नाही. अंगातली उष्णता बाहेर पडायला कातडीकडे रक्त जास्त धावावे लागते आणि घाम येऊन तो वाळावा लागतो. एक लिटर घाम पुरता वाळला तर सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. कोंडलेल्या ओल्या हवेत तो वाळत नाही, आणि नुसता ओघळला तर त्याचा उपयोग नाही. वय झाले की घाम कमी सुटतो, कातडीकडे रक्त कमी वळते आणि तहानही लवकर कळत नाही. आजी "मले नाही उकडत" म्हणाल्या म्हणून कूलर बंद करू नका.

शुगर असली तर आणखी कठीण. बरीच वर्षे शुगर वाढलेली राहिली की घाम सोडायला लावणाऱ्या नसा अधू होतात, आणि सुरुवात बहुतेक पायांपासून होते. माझ्या आईला शुगर आहे. मे महिन्यात तिच्या कपाळावर, मानेवर धारा लागलेल्या असतात आणि पाय हातात घेतले तर कोरडे ठणठणीत, टाचांना भेगा. पायांचे काम तोंडा-छातीवर पडते. शुगर जास्त असली की लघवीही वाढते, अंगातले पाणी घटते. जो घाम येतो तो तरी वाळू द्या.

म्हणून कूलर खिडकीबाहेर बसवा आणि समोरचे दार किंवा खिडकी वीतभर उघडी ठेवा. खोलीच्या आत ठेवलेला कूलर तीच ओली हवा फिरवत राहतो. मृग लागून हवा दमट झाली की पंप बंद, नुसता पंखा. समोर खिडकीच नसेल तर आम्ही एक्झॉस्ट पंखा बसवून देतो. बोअरच्या जड पाण्याने ताटीवर क्षार चढून ती दगडासारखी होते, त्यामुळे दर उन्हाळ्यात ताट्या बदला. गवताच्या आणि वाळ्याच्या दोन्ही आमच्याकडे आहेत. वाळ्याला वास छान. गारव्याला गवतही पुरते.

फोनवर आम्ही आधी दार-खिडकीचे विचारतो, त्याचा राग मानू नका. मिस्त्री आला की येण्याजाण्याचे पैसे द्यावेच लागतात, बिघाड निघो की न निघो. दार उघडून काम भागत असेल तर तुमचे पैसे का जावेत?

माणूस बरळू लागला, अंग तव्यासारखे तापले, तर आम्हाला नाही, 108 ला फोन करा. गाडी येईपर्यंत अंगावर पाणी शिंपडून वारा घाला. बेशुद्ध असेल तर तोंडात पाणी ओतू नका.

भर दुपारी लाईट गेली तर दुपट्टा ओला करून म्हाताऱ्या माणसाच्या हातापायांवर टाका, दार उघडा आणि हातपंख्याने वारा घाला. 45 अंशांत कोरड्या अंगावर पंख्याची हवाही गरमच लागते.